राजा सी१ वर होता तोवर ती चाल नव्हतीच

घरात बुद्धिबळाचा पट असेल तर तो काढून समोर ठेवा. मोबाइलवरचा नको, लाकडी नाहीतर प्लास्टिकचा. एखादं प्यादं हरवलेलं असणारच, त्याच्या जागी खोडरबर किंवा पाच रुपयांचं नाणं ठेवलं तरी चालतं. आता सांगतो तसे मोहरे लावा. डावीकडून उजवीकडे ए ते एच, आणि पांढऱ्याच्या बाजूने वर १ ते ८ अशी घरांची नावं.

पांढऱ्याचा राजा सी१ वर. उंट सी२ आणि ई३ वर. हत्ती जी४ आणि एच५ वर. प्यादी ए२, सी३, सी४, ई५, एफ२, जी२.

काळ्याचा राजा बी७ वर. उंट सी६ वर, घोडा जी६ वर. हत्ती जी८ आणि एच८ वर. प्यादी ए५, बी६, सी५, ई६, एफ७, एच६.

मोजून बघा. दोघांची प्यादी सहा-सहा, हत्ती दोन-दोन. पांढऱ्याकडे दोन उंट आहेत, काळ्याकडे एक उंट आणि एक घोडा. वजीर नवव्या चालीलाच एकमेकांना मारून पटाबाहेर गेलेत. म्हणजे हिशोब बरोबरीत, पण जरा वेळ बघत राहिलात तर जाणवेल की काळ्याचा श्वास कोंडलाय. एच६ च्या प्याद्यावर पांढऱ्याच्या हत्तीचा आणि उंटाचा डोळा आहे, म्हणून एच८ चा हत्ती जागचा हलू शकत नाही. ई५ वर पांढऱ्याचं प्यादं रुतून बसलंय. पांढऱ्याला कसलीही घाई नाही, काळ्याला करण्यासारखं काही नाही.

आता पांढऱ्याने आपला राजा सी१ वरून डी२ वर नेला. काळ्याची चाल आहे. काय खेळाल?

इथे खरंच थांबा, पाच मिनिटं द्या. आणि उत्तर सापडलं तर लगेच कॉलर ताठ करू नका. 'इथे काहीतरी आहे' हे मी तुम्हाला आधीच सांगून टाकलंय. काळ्या मोहऱ्यांमागे बसलेल्या माणसाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

तो माणूस विश्वनाथन आनंद. १५ नोव्हेंबर २०१४, रशियातलं सोची, जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. समोर मॅग्नस कार्लसन. आदल्या वर्षी चेन्नईत, म्हणजे आनंदच्या घरी, कार्लसनने त्याला ६.५–३.५ असं हरवून किताब नेला होता. तेव्हा 'संपलं आता' म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कमी नव्हती. आनंदने २०१४ च्या मार्चमध्ये आव्हानवीरांची स्पर्धा जिंकून पुन्हा त्याच खुर्चीत जागा मिळवली. सोचीत दुसरा डाव कार्लसनने जिंकला, तिसरा आनंदने. बाकीचे बरोबरीत. पाच डावांनंतर गुण २.५–२.५. एकूण बारा डावांची लढत, म्हणजे सहावा डाव ऐन मध्यावरचा.

आता उत्तर. काळ्याने जी६ चा घोडा उचलून ई५ चं प्यादं मारायचं.

पहिल्यांदा पाहिलं की ही चाल वेडेपणाची वाटते, कारण ई५ वर एच५ च्या हत्तीची सरळ नजर आहे. प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा गेला! पण घोडा जी६ वरून हलला की त्याच्यामागे काय उघडतं ते बघा. जी८ चा काळा हत्ती आणि जी४ चा पांढरा हत्ती समोरासमोर येतात. जी४ च्या हत्तीला पाठबळ कुणाचंच नाही. शिवाय ई५ वर बसलेला घोडाही जी४ वर रोखून आहे. म्हणजे पांढऱ्याने हत्तीने घोडा मारला, तर काळा जी४ चा हत्ती फुकट घेतो. हिशोब: काळ्याने घोडा दिला आणि हत्ती, वर एक प्यादं मिळवलं. शिवाय जी२ च्या प्याद्यावर आता हत्ती आणि उंट दोघांचा मारा. सौदा सरळ फायद्याचा.

मग पांढरा दुसरं काहीतरी करेल. तो म्हणेल, समोरासमोर आलोच आहोत तर मीच आधी मारतो. जी४ चा हत्ती जी८ चा हत्ती खातो. आता काळ्याने एच८ च्या हत्तीने परत मारलं, तर ई५ चा घोडा पांढऱ्याच्या एच५ च्या हत्तीला बळी पडतो. इथवर हिशोब नेणारे पुष्कळ जण इथेच थांबतात आणि म्हणतात, 'नाही जमत.'

पण परत मारण्याची घाई कुणाला आहे? काळा आधी घोड्याने सी४ चं प्यादं मारतो, आणि शह! डी२ वरचा राजा थेट घोड्याच्या टप्प्यात आलेला असतो. शह आहे म्हणजे पांढऱ्याला पळ काढणं भाग. राजा बाजूला झाला की काळा निवांतपणे जी८ चा हत्ती मारतो. राजा चलाखी करून डी३ वर गेला, म्हणजे घोड्यावरच चाल करून गेला, तर घोडा बी२ वर उडी मारतो आणि पुन्हा शह देतो. राजा पुन्हा हलणार, मग हत्ती मारायचा. शेवटी काळ्याची दोन प्यादी जास्त, जी२ वर दुहेरी मारा, आणि कोंडलेला श्वास एकदम मोकळा. पांढऱ्याने सुरुवातीलाच जी४ चा हत्ती नुसता दुसरीकडे पळवला, तरी ई५ चं प्यादं काळ्याच्या पदरात पडलेलंच असतं.

मोहरे हलवून झाले असतील तर परत जागेवर आणा. आता खरी गंमत. पांढऱ्याचा राजा डी२ वरून उचलून पुन्हा सी१ वर ठेवा आणि तीच चाल खेळून बघा.

घोड्याने ई५ मारलं. पांढऱ्याने जी८ चा हत्ती मारला. घोडा सी४ मारतो, पण शह कुठाय? सी४ चा घोडा सी१ च्या राजाला काहीही करू शकत नाही. पांढरा शांतपणे एच८ चा दुसराही हत्ती मारून टाकतो. घोडा डी३ वर नेला तर शह बसतो, पण तिथे सी२ चा उंट टपून बसलाय. आणि काळ्याने मुकाट्याने जी८ चा हत्ती मारला तर पांढरा ई५ चा घोडा घेतो. काळ्याला मग जी२ चं प्यादं मिळतं, पण एका घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी हा काही धंदा नव्हे.

म्हणजे राजा सी१ वर असताना ही चाल शुद्ध आत्मघात. राजा डी२ वर आला की तीच चाल डाव फिरवणारी. मधे बदललं काय, तर एका मोहऱ्याचं एक घर. ती चाल पटावर कुठेतरी लपलेली होती आणि आनंदला दिसली नाही, असं आपण सहज म्हणतो. ते बरोबर नाही. ती तोवर नव्हतीच. कार्लसनने राजा डी२ वर टेकवला त्या क्षणी ती जन्माला आली, आणि एकच चाल जगली. पुढच्याच चालीला राजा ई२ वर गेला आणि ती मेली, कारण सी४ च्या घोड्याचा शह ई२ लाही लागत नाही.

चुकलेल्या चालीचं विश्लेषण म्हणजे माझ्या मते ती चाल नेमकी कशाने जन्माला आली हे शोधणं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता डावाचा कागद जरा मागे नेऊ. २३ व्या चालीला पांढऱ्याचा हत्ती जी४ वर आला, काळ्याने ए५ खेळलं. आपण पटावर लावली ती स्थिती तेव्हाच आली होती. मग २४ व्या चालीला कार्लसनने सी२ चा उंट डी१ ला नेला, आनंदने जी८ चा हत्ती डी८ ला. २५ व्या चालीला उंट परत सी२ वर, हत्ती परत जी८ वर. हुबेहूब तीच स्थिती दुसऱ्यांदा. जागच्या जागी पाय हलवल्यासारखं.

या पुनरावृत्तीकडे माझं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं, आणि गेल्यावर आनंदबद्दलचा राग उतरला. (हो, राग होता. त्या दुपारी मी टीव्हीवरच्या सामन्यावर ओरडावं तसा लॅपटॉपवर ओरडलो होतो.) अशा दर्जाच्या खेळाडूने घोड्याने ई५ मारायची चाल त्या आधीच्या स्थितीत तपासली नसेल, हे शक्यच वाटत नाही. तपासली असणार, 'जमत नाही' असा निकाल दिला असणार आणि फाइल बंद केली असणार. डोक्यात काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही, हा माझा अंदाज. पण तुम्ही कुठलाही खेळ गांभीर्याने खेळला असाल तर ही बंद फाइल ओळखीची असेल. दोन चालींपूर्वी निकाल लागलेला आहे, स्थिती तीच दिसतेय, मग निकालही तोच. राजा एक घर सरकलाय खरा, पण तो काही हल्ला करायला आलेला नाही. तो ई२ च्या दिशेने फिरायला निघालाय. फिरायला निघालेल्या राजाकडे कोण बघतं?

त्यात भर बचावाची. पंचवीस चाली माणूस भिंतीला पाठ लावून उभा असला की त्याचे प्रश्न बदलतात. 'काय मिळेल?' हा प्रश्नच डोक्यातून जातो. 'काय जाईल, ते कसं वाचवू?' एवढाच उरतो. आनंदने ए५ चं प्यादं ए४ वर सरकवलं, ते याच चौकटीतलं. एरवी त्या चालीत वाईट काही नाही. आणि तिसरी गोष्ट, समोर कार्लसन. तो अशा स्थितीत दोन-दोन तास चुकत नाही, ही ख्याती. बाजारात नेहमीचा चोख दुकानदार चुकून शंभराऐवजी पाचशेची नोट परत देतो, तेव्हा आपण न बघताच खिशात घालतो. तसंच काहीसं.

डावानंतर आनंद म्हणाला त्याचा मथितार्थ असा होता की भेट मिळेल अशी अपेक्षाच नसेल तर कधी कधी ती समोर असूनही हातात घेतली जात नाही. ए४ खेळताक्षणी आपल्याला ते दिसलं, असंही त्याने सांगितलं. कार्लसनलाही राजा हलवून झाल्यावर लगेच चूक उमगली होती. कल्पना करा: दोघंही पटावर वाकलेले, एकाला कळलंय की आपण दार सताड उघडं टाकलंय आणि आता चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही. काही क्षणांनी दुसरा त्या दारावरून पुढे निघून जातो. डावाच्या नोंदीत वाईट चुकीपुढे दोन प्रश्नचिन्हं टाकायची पद्धत आहे. या डावात २६ व्या ओळीवर चार प्रश्नचिन्हं आहेत, दोन पांढऱ्याची, दोन काळ्याची.

आणि बघणारे आपण? आपल्या पडद्यावर इंजिन चालू होतं, म्हणजे चाली तपासून कोण किती पुढे हे आकड्यात सांगणारा संगणक प्रोग्राम. राजा डी२ वर टेकताच आकडा उसळला आणि जगभरच्या लोकांना एका सेकंदात कळलं की काळा जिंकतोय. रेटिंग चौदाशेवाला हौशी खेळाडूही म्हणाला, 'अरे, साधी तर चाल आहे!' उत्तरपत्रिका हातात धरून पेपर सोपा होता म्हणण्यातला हा प्रकार.

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. शिकवतो म्हणजे भांडणं सोडवतो, मधेमधे शिकवतो. परवा एक अकरा वर्षांची मुलगी स्पर्धेतल्या डावाचा कागद घेऊन आली.

"काका, इथे माझं ब्लंडर झालं."

"कशावरून?"

"इंजिन उणे चार दाखवतंय."

"बरं. आणि खेळायला काय हवं होतं?"

तिने चाल सांगितली, अचूक.

"ती का चालते?"

गप्प. मग म्हणाली, "चालते म्हणजे... इंजिन दाखवतंय ना."

आम्ही पट मांडला. तिला म्हटलं, मोबाइल त्या खिडकीत ठेव. समोरच्याची शेवटची चाल मागे घे, आणि तुझी ती चाल आता खेळून बघ. दहा मिनिटं गेली. तिच्या लक्षात आलं की समोरच्याने घोडा एका बाजूला हलवला नसता तर तिची ती चाल नुसती चुकीची नव्हे, हास्यास्पद होती. मग ती स्वतःच म्हणाली, "म्हणजे त्याचा घोडा हलला तेव्हा मी बघायला हवं होतं. मी तेव्हा माझ्या उंटाचाच विचार करत होते." एवढं कळलं की बास. उणे चार हा आकडा तिला आयुष्यात परत उपयोगी पडणार नाही, कारण ती स्थिती परत येणार नाही. घोडे मात्र हलत राहणार.

इंजिन वाईट आहे असं नाही. तुमची लाडकी चाल खरंच चालते का, समोरच्याकडे तिला तोड आहे का, हे तपासायला त्याच्याइतकं निर्दय कुणी नाही, आणि त्या कामाला ते वापरावंच. फक्त ते शेवटी उघडावं. 'चाल काय' हे ते सांगतं. 'आत्ताच का' आणि 'मला का दिसली नाही' ही दोन उत्तरं त्याच्याकडे नाहीत.

न दिसण्याचे प्रकारही निरनिराळे असतात. २००६ साली बॉनमध्ये त्या वेळचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ' या संगणक प्रोग्रामविरुद्ध खेळताना एका चालीतली मात पाहू शकला नाही. पांढऱ्या वजिराने एच७ वर येऊन मात केली. तिथे वजिराला पाठबळ होतं एफ८ वर बसलेल्या घोड्याचं. सहसा असं चित्र पटावर दिसत नाही, आणि सवयीच्या डोळ्यांना न दिसणारं चित्र माणसाच्या नजरेतून निसटतं. सोचीतली गोष्ट वेगळी. तिथे चित्र चांगलं ओळखीचं होतं, म्हणूनच फसलं.

आणि दहा वर्षांनी हीच परीक्षा दुसऱ्या भारतीयाला आली. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव. त्या वेळचा जगज्जेता डिंग लिरेन याच्याविरुद्ध गुकेश, वय अठरा. डाव बरोबरीकडे चाललेला, गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण तेवढ्याने जिंकता येईल असं कुणी म्हणत नव्हतं. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला. हत्तीला हत्ती जातो, मग काळा उंट डी५ वर येऊन ए८ च्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या उंटाला गाठतो. पळायला जागा नाही, उंटाला उंट जातो, आणि नुसत्या राजा-प्याद्यांच्या खेळात काळा जिंकतो. गुकेशने नंतर प्रामाणिकपणे सांगितलं की आधी त्याच्याही लक्षात आलं नव्हतं, तो हत्ती बी३ वर न्यायच्या बेतात होता. मग उंट अडकतोय हे दिसलं. ५८ व्या चालीला डिंगने डाव सोडला, गुण ७.५–६.५, आणि गुकेश जगज्जेता झाला.

म्हणजे बंद फाइल त्याच्याही डोक्यात होती. त्याने ती हात पुढे जाण्याआधी उघडली, आनंदने हात मागे आल्यावर. फरक काही क्षणांचा. आनंद ज्याचा मार्गदर्शक आहे त्या मुलाबद्दल हे लिहिताना जरा गंमतही वाटते.

'आनंदने ती चाल खेळली असती तर?' हा प्रश्न आपल्याकडे अजून निघतो. आत्याबाईला मिशा असत्या तर, हे एक उत्तर. पण विश्लेषण करायचंच तर हिशोबाने करावं. दोन प्यादी जास्त असताना आनंद तो डाव बहुधा जिंकला असता आणि ३.५–२.५ असा पुढे गेला असता. पुढचे सहा डाव कसे झाले असते हे कुणीही सांगू शकत नाही. पुढे असलेला खेळाडू वेगळा खेळतो आणि मागे पडलेला कार्लसन त्याहून वेगळा. प्रत्यक्षात सातवा डाव १२२ चालींची बरोबरी झाला, अकरावा कार्लसनने जिंकला आणि लढत ६.५–४.५ अशी संपली. 'एका चालीने किताब गेला' हे वाक्य ऐकायला छान आहे. मला ते पटत नाही. एका चालीने एक डाव गेला, एवढंच पटावरून सिद्ध करता येतं.

पट अजून मांडलेला असेल तर शेवटचं बघा. २६ व्या चालीला घोड्याऐवजी जे प्यादं ए४ वर गेलं, ते २७ व्या चालीला ए३ वर पोचलं. तोवर राजा ई२ वर सुखरूप पोचला होता. पुढे कार्लसनचा उंट ई३ वरून सी१ वर गेला, आणि ३६ व्या चालीला त्याने तिथून तेच प्यादं मारलं. त्यानंतर दोन चालींनी आनंदने डाव सोडला.